साहेब, पंच वाजतोय

ताई, नमस्कार.

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. आम्ही गाड्यांचे ब्रॅकेट बनवतो. माणसं दीडशेच्या आत-बाहेर, बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर. दोन महिन्यांपूर्वी रात्रपाळीत एका डायचा, म्हणजे साच्याचा, भोक पाडणारा पंच झिजला. भोकांना बर (कडेला उरलेली धारदार कोर) आली, माल तसाच गेला आणि ग्राहकाच्या लाइनवर बोल्ट बसेना. आमची पोरं आठवडाभर तिकडे सॉर्टिंग करत बसली, वर नुकसानभरपाईची डेबिट नोट आली ती वेगळीच. चौकशीत कळलं की ऑपरेटरला रात्रीच शंका आली होती आणि सुपरवायझरलाही माहीत होतं. का नाही सांगितलं म्हणून विचारलं, तर दोघांची मान खाली. (दिवाळीआधी विनाकारण प्रेस थांबवली म्हणून एकाला मी डाउनटाइमचा मेमो दिला होता. त्याचा राग असेल तर तसं बोलायचं ना!)

तेव्हापासून मी सगळं स्वतःच्या हातात घेतलंय. दर तासाला पीसचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, सेटिंग बदलायचं तर माझी सही घ्यायची. कॅमेरेही लावलेत. आता कशी शिस्त आली, म्हणून मालक खूश. पण मी रात्री दोनला उठून फोटो बघतो, आणि मी जागेवर नसलो की मशीन उभी. सकाळच्या मीटिंगमध्ये 'काही अडचण?' विचारलं की सगळे 'नाही साहेब'. एचआरच्या मॅडम म्हणतात वातावरण मोकळं ठेवा. मोकळं ठेवलं तर लोक डोक्यावर बसतील असं मालकांना वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. तळेगावच्या एका कंपनीची ऑफर आहे. जाऊ की राहू? राहिलो तर काय करू?

एक वाचक, चाकण

---

नमस्कार.

तुमच्या पत्रातली खरी बातमी तुम्ही कंसात टाकलीत. तो मेमो निघाला एकाच्या नावाने, पण वाचला सगळ्या शॉपने. कँटीनमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, तंबाखू मळताना त्यावर बोलणं झालं असणार आणि अर्थही काढला गेला असणार: प्रेस थांबवली तर कागद हातात पडतो, चालू ठेवली तर काही होत नाही, आणि झालंच तर ते सगळ्यांवर मिळून येतं. तुमचा ऑपरेटर रागाने गप्प बसला असं मला वाटत नाही. त्याने हिशोब केला आणि त्याच्या बाजूने तो बरोबर होता.

त्या रात्री काय झालं असेल ते बघा. पंच झिजलेला ऑपरेटरला गेजच्या, म्हणजे माप तपासायच्या साधनाच्या, आधी कानाने कळतो, ठोक्याचा आवाज बदलतो. तो सुपरवायझरला म्हणाला असेल, 'साहेब, पंच वाजतोय.' आता सुपरवायझरपुढे काय आहे? डाय उतरवायची तर टूलरूमच्या, म्हणजे डाय दुरुस्त करणाऱ्या विभागाच्या, माणसाला झोपेतून उठवायला हवं. तास-दीड तास प्रेस उभी राहणार, तो वेळ रजिस्टरमध्ये त्याच्या शिफ्टच्या नावावर चढणार आणि सकाळी मीटिंगमध्ये त्यालाच उत्तर द्यावं लागणार. उलट टार्गेट पुरं केलं तर सातला बस पकडून घरी. तो म्हणाला असेल, 'अजून थोडे काढ, सकाळी बघू.' सकाळी कोणी बघितलं नाही, कारण पहिल्या शिफ्टला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे माझ्या अंदाजाने तुमचा ऑपरेटर बोलला होता. त्याचं बोलणं सुपरवायझरपाशी येऊन थांबलं, आणि ते तिथे थांबावं अशीच तुमच्या रजिस्टरची आणि मीटिंगची रचना होती.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते माणूस म्हणून समजतं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. पण आता दीडशे लोकांचं ताक फुंकायचं काम तुमच्या एकट्यावर आलंय. आणि ज्या फोटोंसाठी तुम्ही रात्री दोनला उठता, त्या फोटोत बर दिसते का हो? ती दिसते बोटाला आणि गेजला. शिवाय फोटोसाठी कोणता पीस उचलायचा हे ऑपरेटरच ठरवतो. फोटो पडला की त्याची जबाबदारी संपली, कारण 'साहेबांना पाठवला होता'. सहीचंही तेच. तुम्ही सही केलेल्या सेटिंगवर खराब माल निघाला तर आता चूक कोणाची? तुम्ही नसताना मशीन उभी राहते हा कामचुकारपणा नव्हे, ती माणसं तुमचाच नियम पाळताहेत.

मोकळेपणा वाढला की शिस्त तेवढी कमी होते, हे मालकांचं गणित मला मान्य नाही. ते खोटं ठरवणारं उदाहरण तुमच्याच धंद्यातलं आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. दांड्या, भांडणं आणि खराब गाड्या यांसाठी तो बदनाम होता, आणि १९८२ मध्ये कंपनीने तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना 'नुम्मी' या नावाने पुन्हा उघडला. कामगार बहुतांशी जुनेच होते आणि युनियनही तीच. जुन्या कारभारात लाइन थांबवणं म्हणजे महापाप. गाडी चुकीची जोडली गेली तरी पुढे ढकलायची आणि नंतर दुरुस्त करायची. नव्या कारभारात लाइनवरच्या कामगारांच्या हाताशी एक दोरी आली: अडलं की ओढायची. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जनरल मोटर्सच्या सगळ्यात चांगल्या गाड्यांमध्ये मोजल्या जाऊ लागल्या.

हे ऐकून तुमच्या मालकांच्या मनात एकच चित्र येईल: दीडशे माणसं दिवसभर दोऱ्या ओढताहेत आणि माल शून्य. म्हणून ती दोरी चालते कशी ते त्यांना नीट समजावून सांगा. ओढल्याबरोबर लाइन थांबत नाही. दिवा लागतो, सूर वाजतो आणि टीम लीडर धावत येतो. गाडी त्या टप्प्याच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोचायच्या आत अडचण सुटली तर दिवा बंद होतो आणि लाइन चालूच राहते. सुटली नाही तरच थांबते. तेव्हा ती दोरी माणूस बोलवायची सोय आहे. सगळा जीव त्या धावत येणाऱ्या टीम लीडरमध्ये आहे. तो नेमला नाही तर दोरी धूळ खात लटकते. जनरल मोटर्सलाही आपल्या बाकीच्या कारखान्यांत हे उतरवताना वर्षानुवर्षं घाम फुटला. दोरी काय, आठवड्यात बसवून होते.

आणि हेही बघा, की टोयोटाच्या लाइनइतकं कडक काम कुठे सापडणार नाही. हाताची हालचाल ठरलेली, क्रम ठरलेला, सेकंद मोजलेले. काम कसं करायचं याला जराही ढील नाही आणि काम बिघडतंय हे सांगायला कोणालाही बंदी नाही. तुमच्याकडे नेमकं उलटं चाललंय. पंच किती ठोक्यांनंतर काढून धार लावायची हे कुठे लिहिलेलं आहे का? असतं तर ही पाळीच आली नसती. ते लिहा, भिंतीवर लावा आणि त्यात तडजोड करू नका. कडकपणा दाखवायचा तर तो तिथे.

आता काय करायचं. पहिलं काम सगळ्यात अवघड, म्हणून ते आधी. तो दिवाळीआधीचा मेमो मागे घ्या. एचआरच्या फाइलमधून गुपचूप काढून चालणार नाही. शिफ्ट बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं असतात, तेव्हा त्या माणसाला शेजारी उभं करून सांगा की प्रेस थांबवली ते बरोबर केलं, मेमो चुकला, तो रद्द. 'विनाकारण' थांबवली असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा कारण सापडलं नसेलही, पण शंका आल्यावर थांबणाऱ्याला शिक्षा झाली की पुढच्या वेळी कारण असलं तरी कोणी थांबत नाही. आणि हे हिंदीतही सांगा. तुमच्या कॉन्ट्रॅक्टच्या पोरांमध्ये बिहार-ओडिशाची किती आहेत? मीटिंग मराठीत, पडद्यावरचे तक्ते इंग्रजीत, आणि मग ही पोरं बोलत नाहीत अशी तक्रार, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता हसूही येत नाही.

दुसरं काम सुपरवायझरचं. तुम्ही पत्रभर ऑपरेटरचं सांगताय, पण सगळ्यात जास्त कोंडी या मधल्या माणसाची आहे. वरून टार्गेट, खालून तक्रार, आणि अधिकार शून्य. त्याला स्पष्ट अधिकार द्या. शंका आली तर डाय उतरवायची, तुमची सही लागणार नाही, फोनही करायचा नाही, सकाळी सांगितलं तरी चालेल. रात्रपाळीला टूलरूमचा एक माणूस ठेवा. परवडत नसेल तर हाकेच्या अंतरावर राहणारा कोणीतरी ठरवून त्याला रात्रीचा भत्ता द्या. आणि ते रजिस्टर बदला. मशीन बंद पडल्याचा वेळ आणि शंका आली म्हणून माणसाने थांबवल्याचा वेळ एकाच रकान्यात लिहू नका. दुसऱ्या प्रकारचा वेळ शिफ्टच्या कामगिरीत धरायचाच नाही. एचआरच्या मॅडमनी मोकळेपणावर दोन दिवसांचं शिबिर घेतलं तरी एवढं साधणार नाही. (शिबिरांना माझा विरोध नाही. जेवण चांगलं असतं.)

मग तुमच्या चेहऱ्याचं काम. कोणी येऊन 'साहेब, पंच वाजतोय' म्हणाला की पहिल्या दोन मिनिटांत तुम्ही काय करता, त्यावर तो पुन्हा येणार की नाही हे ठरतं. 'मेंटेनन्सला सांग' म्हणून मोबाइलमध्ये डोकं घातलंत, तर तो परत यायचा नाही. 'आत्ताच कसा वाजला? काल कोण होतं?' हा त्याहून वाईट प्रकार, कारण बातमीचा लगेच तपास झाला. उठा, त्याच्याबरोबर प्रेसपर्यंत चालत जा, दोन-चार ठोके ऐका आणि विचारा, 'मामा, तुम्हाला काय वाटतंय?' माणूस पन्नाशीचा असेल तर मामा म्हणा, काका म्हणा. चाळिशी न गाठलेला मॅनेजर वडिलांच्या वयाच्या माणसाला 'ए' करून बोलावतो आणि मग लोक मनातलं बोलत नाहीत म्हणून हळहळतो, हेही आपल्याकडे चालतं. तुम्ही तसं करत असाल असं म्हणत नाही. पण एकदा आठवून बघा.

त्याची शंका खोटी निघाली तरी 'बरं केलंत' म्हणा. खोट्या शंकेला मिळालेलं उत्तर बाकीचे सगळ्यात बारकाईने बघतात.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मालक आहेत का? असणारच. मग फोटोखाली तीन प्रश्नचिन्हं टाकायची सवय असेल तर आजच बंद करा. ती तीन प्रश्नचिन्हं मालकांसमोर काढलेली खरडपट्टीच असते, आणि पुढचा फोटो कसा निघतो ते वर सांगितलंच आहे. ग्रुपवर फक्त बातमी. काही बोलायचं असेल तर जागेवर जाऊन, एकट्याशी. तासाचे फोटो बंद करा. त्याऐवजी पहिला, मधला आणि शेवटचा पीस गेजवर तपासून जवळच्या रॅकवर ठेवायला सांगा आणि फेरी मारताना स्वतः हातात घेऊन बघा.

मीटिंगमध्ये 'काही अडचण?' विचारलं की 'नाही साहेब' हेच उत्तर येणार. प्रश्नच तसा आहे. अडचण आहे म्हणणारा माणूस स्वतःच अडचण ठरतो. त्याऐवजी विचारा, 'आज कोणती डाय दगा देईल असं वाटतंय?' याला 'नाही साहेब' असं उत्तरच देता येत नाही, आणि यात कोणाची चूकही निघत नाही. मीटिंग केबिनमधून उचलून प्रेसपाशी आणा, उभ्याउभ्या घ्या आणि तुम्ही सगळ्यात शेवटी बोला. मॅनेजरने आधी मत दिलं की बाकीचे फक्त मान डोलावतात, हे तर आपण घरातसुद्धा बघतो.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट, जी तुम्ही ओझरती सांगून पुढे गेलात: बहुतेक माणसं कॉन्ट्रॅक्टवर. परमनंट माणसाला मेमोची भीती असते. कॉन्ट्रॅक्टच्या पोराला मेमोही मिळत नाही, उद्या गेटवर त्याचा पास चालत नाही आणि दुपारपर्यंत त्याच्या जागी दुसरा येतो. हे तुम्ही केलेलं नसतं, तुम्हाला कळतही नाही. ठेकेदाराचा माणूस परस्पर करतो, कारण साहेबांना कटकट नको असेल असं त्याने गृहीत धरलेलं असतं. तेव्हा ठेकेदाराला लेखी द्या की लाइनवरचा माणूस तुम्हाला विचारल्याशिवाय बदलायचा नाही, आणि दोष दाखवला म्हणून तर मुळीच नाही. हे केलं नाही तर वरचं सगळं फक्त परमनंटवाल्यांपुरतं राहील, आणि रात्री प्रेसवर उभी असतात ती दुसरीच पोरं.

शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे मालक आणि कामगार दोघांच्या प्रतिनिधींच्या समितीची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून आहे. कामगारांचे प्रतिनिधी मालकांच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत, हेही त्यात आहे. बहुतेक ठिकाणी ही समिती कागदावर असते, आणि बसलीच तर कँटीनचा चहा, सेफ्टी शूज आणि बसची वेळ यांवर बोलते. मॅनेजर लोक त्याला हसतात. तुम्ही हसू नका. चहा पाणचट आहे हे सांगणं फुकट असतं, त्यात कोणाचं काही जात नाही. लोक आधी फुकटची तक्रार करून बघतात. पुढच्या आठवड्यात चहा सुधारला, तर मग कोणीतरी डायबद्दल बोलतं.

लोक डोक्यावर बसतील ही भीती खोटी नाही. काही गोष्टींत चर्चा नकोच. प्रेसला दोन हातांनी दाबायची दोन बटणं असतात ती बोटं वाचावीत म्हणून. एकाला चिकटपट्टी लावून काम उरकणारा सापडला तर तिथे 'मामा, तुम्हाला काय वाटतं' नाही. प्रेस बंद, माणूस बाजूला. तो परमनंट असो, सुपरवायझर असो की मालकांचा भाचा. (मात्र चिकटपट्टी का लावली हे नंतर जरूर विचारा. पुष्कळदा टार्गेटच तसं ठेवलेलं असतं.) तपासणीच्या तक्त्यात न मोजताच आकडे भरले तर तिथेही माफी नाही. आणि नवा नियम सांगून झाल्यावर, भीतीचं कारण उरलं नसताना कोणी खराब माल जाणूनबुजून पुढे ढकलला, तर मेमो द्या, बिनधास्त द्या. चूक होणं आणि चूक लपवणं यांची शिक्षा एकच ठेवली तर लोक लपवतात, कारण लपवण्यात सुटायची शक्यता तरी असते.

मालकांशी बोलताना मोकळेपणा, विश्वास असले शब्द वापरू नका. डेबिट नोट टेबलावर ठेवा. शेजारी सॉर्टिंगला गेलेल्या पोरांची मजुरी, गाडीभाडं आणि परत आलेल्या मालाची किंमत लिहा. खाली लिहा, त्या रात्री डाय उतरवली असती तर दीड तासाचा माल बुडाला असता. बेरीज त्यांनाच करू द्या.

आणि एक गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर महिन्याभरात तुमचा सगळा प्रयोग गुंडाळला जाईल. माणसं बोलायला लागली की कारखान्यातल्या रिजेक्शनचा आकडा आधी वाढतो. १९९० च्या दशकात एमी एडमंडसन हार्वर्डमध्ये पीएचडी करत होत्या. रुग्णालयांतल्या वॉर्डांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा त्यांनी अभ्यास केला. चांगल्या टीमच्या हातून चुका कमी होत असतील अशी अपेक्षा होती, पण आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, सांगत जास्त होत्या. तुमच्याकडेही तसंच होईल. म्हणून मालकांना दोन आकडे शेजारी-शेजारी दाखवा: आपल्या शॉपमध्ये पकडलेला खराब माल आणि ग्राहकाकडे पकडलेला. पहिला वाढतोय आणि दुसरा उतरतोय म्हणजे गाडी रुळावर आहे. दोन्ही एकदम कमी दिसले तर खूश होण्याआधी रॅकवरचा एक पीस स्वतः गेजवर घाला.

राहिली तळेगावची ऑफर. मी असते तर तिला लगेच नकार दिला नसता. मालकांशी हिशोब मांडून बोला आणि मेमो मागे घ्यायला ते तयार होतात का बघा. तिथेच आडवे आले तर तुम्ही एकटे काही बदलू शकणार नाही, आणि रात्री दोनचे फोटो बघत तब्येत घालवण्यात अर्थ नाही. पण जायच्या आधी तिकडे मुलाखतीत पगार आणि पद विचारून झालं की आणखी एक विचारा: इथे शेवटचं मशीन कोणी थांबवलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं? 'आमच्याकडे असं होतच नाही' म्हणाले तर चहा पिऊन परत या. माणसाचं नाव सांगितलं तर शॉपवर एक फेरी मारायला मागा आणि त्याला भेटून या.